कार्डावर ‘ल्युको’ होते, पण ल्युकेमियाची लस नव्हती: सोलापुरातल्या सात मांजरांच्या घराचे प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागातले घर. खाली टॉवेलचे माग, वर राहती जागा. सुताचे कोन उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून पाळलेली सात मांजरे. हे घर आणि त्यातली मांजरे शिकवण्याच्या सोयीसाठी रचलेली आहेत. तपासण्या, मात्रा आणि आजाराची वाटचाल मात्र प्रत्यक्षात असते तशीच ठेवली आहे.

दवाखान्यात आला तो तांबू, दोन वर्षांचा बोका. दोन महिन्यांपूर्वी वजन ४.१ किलो होते, आता ३.२. आठ दिवस खाणे कमी, तीन दिवस धाप. कोपरे अंगापासून बाहेर काढून, मान लांब करून बसलेला. श्वास मिनिटाला ७२. आरामात असलेल्या मांजराचा श्वास तिशीच्या आसपास असतो, चाळिशी ओलांडली की काळजीचे कारण समजावे.

सोबत लसीचे कार्ड होते. त्यावर तिहेरी लसीचे दोन डोस आणि रेबीजचा एक, सगळे वेळच्या वेळी दिलेले. ‘ल्युकेमिया तर नसेल ना?’ या प्रश्नावर घरच्या मुलाने कार्डावर बोट ठेवले. “त्याचं इंजेक्शन दिलंय की डॉक्टर. हे बघा, ल्युको लिहिलंय.”

लिहिलेले होते पॅनल्युकोपेनिया.

नावातला हा सारखेपणा बऱ्याच मांजरांना महागात पडतो. पॅनल्युकोपेनिया हा पार्वो जातीच्या विषाणूचा आजार. त्यात पांढऱ्या पेशी घटतात, उलट्या-जुलाब होतात आणि पिल्लू काही दिवसांत दगावू शकते. ल्युकेमियाचा विषाणू, म्हणजे एफईएलव्ही, हा रेट्रोव्हायरस. तो स्वतःचा आराखडा मांजराच्या पेशींच्या डीएनएमध्ये शिवून टाकतो आणि महिनोन्महिने, वर्षानुवर्षे तिथे राहतो. नेहमीची तिहेरी लस पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तिघांपासून संरक्षण देते. ल्युकेमिया त्यात नाही, आणि रेबीजच्या कुपीतही नाही. तांबूच्या घरच्यांनी सांगितलेले सगळे केले होते. त्यांची चूक शोधण्यात अर्थ नाही.

पहिला तास

धापा टाकणारे मांजर एक्स-रेसाठी कुशीवर आडवे करायचे नाही. छातीत पाणी असेल तर जेमतेम चालू असलेले फुप्फुस आडवे पडताच दाबले जाते आणि मांजर टेबलावरच जाते. आधी दहा-पंधरा मिनिटे प्राणवायू, अंधारी शांत जागा, कुणीही हात लावायचा नाही. हाताळताना तडफड होणार असे दिसले तर अंगस्नायूत ब्युटोर्फॅनॉल (हलकी गुंगी आणणारे वेदनाशामक) ०.२ मिग्रॅ प्रतिकिलो.

एक तपासणी मात्र यंत्राशिवाय होते आणि तिला दहा सेकंद लागतात. पुढच्या पायांच्या लगेच मागे अंगठा आणि दोन बोटांनी छाती हलकेच दाबायची. तरुण मांजराच्या बरगड्या लवचिक असतात, दाबल्या की आत जातात. तांबूच्या जराही दबल्या नाहीत. छातीच्या पुढच्या भागात गाठ बसली की असे होते. तरुण मांजर, धाप आणि न दबणारी छाती हे तिन्ही एकत्र दिसले की ल्युकेमियाची चाचणी त्याच दिवशी करायची.

पाणी काढताना मांजर पोटावर बसलेले हवे. सातव्या-आठव्या बरगडीमधली जागा, बरगडीचे हाड कूर्चेला मिळते तिथे केस काढून स्वच्छ केले. २१ गेजची बटरफ्लाय सुई, तीन तोंडांचा कॉक आणि २० मिलीची सिरिंज. सुई बरगडीच्या पुढच्या कडेला लागून आत घालतात, कारण रक्तवाहिनी आणि नस मागच्या कडेने धावतात. आत शिरल्यावर सुई छातीच्या भिंतीला समांतर झुकवायची, नाहीतर फुगत येणारे फुप्फुस टोकावर घासते. दोन्ही बाजू मिळून १८० मिली निघाले. श्वास ७२ वरून ४४ वर आला.

पाणी फिकट गुलाबी आणि गढूळ होते. छातीत पाणी साठण्याची कारणे अनेक: हृदयविकार, पू, लसिकेचे दुधी पाणी, एफआयपी (मांजरांतला कोरोना विषाणूचा आजार). म्हणून ते फेकायचे नाही. थोडे ईडीटीएच्या (नमुना गोठू न देणाऱ्या) जांभळ्या टोपणाच्या नळीत, थोडे साध्या नळीत, आणि दोन काचपट्ट्या तिथल्या तिथे पसरून वाळवलेल्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात नळी टेबलावर बराच वेळ राहिली तर पेशी फुटतात आणि प्रयोगशाळेकडून ‘नमुना वाचता येत नाही’ एवढेच कळते. काचपट्टीवर एकसारख्या मोठ्या लिम्फोब्लास्ट (अपक्व लसिकापेशी) दिसल्या. केंद्रक तांबड्या पेशीच्या दुपटीहून मोठे, आत ठळक केंद्रिका, पेशीद्रव निळसर. पाणी काढल्यानंतरच्या एक्स-रेत श्वासनलिका वर उचललेली आणि हृदयाच्या पुढे भरीव सावली. निदान: छातीच्या मधल्या भागातला लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर.

या टप्प्यावर एक मोह आवरावा लागतो. धाप म्हणजे दमा असे धरून स्टेरॉइड टोचले की मांजर दोन दिवस खरोखर बरे दिसते, कारण लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने विरघळतात. मग काचपट्टीवर काही सापडत नाही, आणि पुढे केमोथेरपी द्यायची वेळ आली तर उरलेल्या पेशी औषधांना नीट दाद देत नाहीत. आधी नमुना घ्यावा, स्टेरॉइड मग.

चाचणी नेमके काय शोधते

झटपट किट रक्तात विषाणूचे पी२७ हे प्रथिन शोधते, प्रतिपिंडे शोधत नाही. यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. लस दिलेल्या मांजराची चाचणी लसीमुळे पॉझिटिव्ह येत नाही. आणि आईच्या दुधातली प्रतिपिंडे आड येत नसल्याने पिल्लाची चाचणी कुठल्याही वयात करता येते.

किट बिघडवणाऱ्या गोष्टी साध्याच असतात. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार जातो. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या किटवर भरवसा ठेवू नये, पाकिटावर छापलेले तापमान पाळावे. फ्रिजमधून काढलेले किट खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. ठरलेल्या मिनिटालाच वाचावे. अर्ध्या तासाने परत पाहिल्यावर दिसणारी फिकट रेघ धरायची नाही. पूर्ण रक्तापेक्षा सीरम किंवा प्लाझ्मा बरे, फुटलेल्या पेशींचे लालसर सीरम नको. लाळ किंवा अश्रूंवरची चाचणी विश्वासाची नाही.

तांबूची रेघ ठळक आली. रक्तात पीसीव्ही (तांबड्या पेशींचे प्रमाण) २२ टक्के, म्हणजे पंडुरोगाची सुरुवात. एवढ्या लक्षणांसोबत ठळक रेघ असेल तर निकालावर शंका घ्यायला जागा उरत नाही. धडधाकट मांजरात एकच पॉझिटिव्ह आली असती तर गोष्ट वेगळी असती. जिथे संसर्ग विरळ असतो तिथे पॉझिटिव्हपैकी बरेच खोटे निघतात. निरोगी मांजराला एका रेघेवर ‘झोपवण्याचा’ निर्णय कधीही घेऊ नये.

बाकीची सहा

खरे काम इथून पुढे होते. तांबूचे भवितव्य बरेचसे ठरलेले होते, उरलेल्या सहांचे अजून नव्हते.

हा विषाणू मुख्यतः लाळेतून जातो. एकमेकांना चाटणे, एकाच ताटलीत खाणे, एकाच भांड्यातले पाणी. नाकाचा स्राव, दूध, कधी लघवी आणि विष्ठा, आणि गाभण मांजरीकडून पोटातल्या पिल्लांना. शरीराबाहेर तो फार दुबळा असतो. कोरड्या जागी थोड्याच वेळात निष्क्रिय होतो आणि साध्या साबणाने मरतो. म्हणजे संसर्गाला रोजची, जवळची, महिनोन्महिन्यांची संगत लागते. या घरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. त्यामुळे मागाजवळच्या एका पिंपातून एकच परात भरली जाई आणि सातही मांजरे दिवसभर त्याच परातीत तोंड घालत. परात धुण्यात पाणी घालवायला कुणी तयार नव्हते, आणि ते समजण्यासारखे आहे.

पहिल्या दिवसाचे निकाल असे. मनी, चार वर्षांची, दोन पिल्लांची आई: निगेटिव्ह. चिमणी, वर्षाची: निगेटिव्ह. काळू, वर्षाचा, तांबूचा सोबती, दोघे एकमेकांना चाटत झोपणारे: पॉझिटिव्ह. ढब्बू, तीन वर्षांचा, ५.२ किलोचा धिप्पाड बोका: फिकट पॉझिटिव्ह. मनीची दहा आठवड्यांची पिल्ले, जिरा आणि मिरा: दोन्ही निगेटिव्ह.

इथे थांबले असते तर जिराने घरातल्या निगेटिव्ह मांजरांना संसर्ग दिला असता. संसर्ग झाल्यापासून पी२७ रक्तात दिसेपर्यंत साधारण महिना जाऊ शकतो. म्हणून शेवटच्या संगतीपासून किमान ३० दिवसांनी पुन्हा चाचणी करायची, आणि तोवर निगेटिव्हला ‘अजून ठरले नाही’ असे समजायचे. त्याच संध्याकाळी घराची विभागणी झाली. पिल्ले गच्चीवरच्या खोलीत, मनी आणि चिमणी मधल्या खोलीत, काळू आणि तांबू जिन्याखालच्या खोलीत, ढब्बू एकटा बाळंतिणीच्या जुन्या खोलीत. पिल्ले आईपासून तोडायला घरातल्या आजी तयार नव्हत्या. दहा आठवड्यांचे पिल्लू घन खाणे खाते, त्यामुळे चालून गेले. चार आठवड्यांचे असते तर आईसोबतच ठेवावे लागले असते आणि सगळ्या कुटुंबाला एकच गट धरावे लागले असते.

पस्तिसाव्या दिवशी जिरा पॉझिटिव्ह निघाला, मिरा निगेटिव्ह. एकाच वेतातली, एकाच परातीत प्यायलेली दोन भावंडे. सोळा आठवड्यांखालच्या पिल्लांची प्रतिकारशक्ती या विषाणूपुढे सर्वांत कमकुवत असते, वय वाढेल तशी ती बळावते. मनी तेवढीच संगत भोगूनही दोन्ही वेळा निगेटिव्ह राहिली, यामागे चार वर्षांचे वय हे मोठे कारण. बहुधा तिच्या शरीराने विषाणू शिरकावालाच परतवला असावा.

ढब्बूचे प्रकरण गुंतागुंतीचे होते. पस्तिसाव्या दिवशी त्याची रेघ गेली. घरच्यांना वाटले, पहिली चाचणी चुकली. ईडीटीएच्या नळीतले दोन मिली रक्त थंड डब्यातून पीसीआरसाठी (विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) बाहेरगावच्या प्रयोगशाळेला पाठवले, तर विषाणूचा डीएनए सापडला. याला रिग्रेसिव्ह संसर्ग म्हणतात. शरीराने विषाणू दाबून टाकला, पण त्याचा आराखडा अस्थिमज्जेत राहिला. असे मांजर सहसा लाळेतून विषाणू सोडत नाही आणि वर्षानुवर्षे छान जगू शकते. पण लांबलचक स्टेरॉइड, मोठा आजार किंवा ताण आला तर विषाणू पुन्हा उठू शकतो. त्याचे रक्त दुसऱ्या मांजराला दिले तर संसर्ग जाऊ शकतो. ५.२ किलोचा तरणाबांड बोका पाहिला की रक्तदाता म्हणून पहिला विचार त्याचाच येतो, म्हणून हे त्याच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिले. (दाता मांजर पी२७ आणि पीसीआर दोन्हींत निगेटिव्ह हवे, आणि रक्तगट जुळलेला हवा. बी गटाच्या मांजराला ए गटाचे रक्त दिले तर ते दगावू शकते.)

काळू आणि जिरा तिसऱ्या चाचणीतही पॉझिटिव्ह राहिले. हा प्रोग्रेसिव्ह संसर्ग. विषाणू मज्जेत पक्का बसलेला, लाळेतून सतत सुटणारा. अशा मांजरांपैकी बहुतेक निदानापासून तीन वर्षांच्या आत जातात, आणि सगळी कॅन्सरने जात नाहीत. पंडुरोग आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीमुळे होणारे इतर संसर्ग यांचा वाटा मोठा असतो.

कॅन्सरचा धोका, दोन्ही बाजूंनी

या विषाणूचा शोधच एका घरातून लागला. १९६४ मध्ये ग्लासगोत विल्यम जॅरेट आणि सहकाऱ्यांनी एकाच घरातल्या मांजरांमध्ये लिम्फोमाचा पुंजका पाहिला आणि गाठींमध्ये विषाणूकण शोधले. विषाणूचा आराखडा पेशीच्या डीएनएमध्ये कुठेही शिरतो. पेशीची वाढ ताब्यात ठेवणाऱ्या जनुकाच्या शेजारी शिरला की पेशी बेबंद वाढू लागते. १९९० च्या एका बहुउद्धृत अभ्यासात संसर्ग झालेल्या मांजरांत ल्युकेमिया-लिम्फोमाचा धोका निरोगी मांजरांच्या सुमारे ६० पट आढळला. तांबूसारखा तरुणपणी छातीत होणारा लिम्फोमा हे त्याचे ठरलेले रूप. उतारवयात आतड्याला होणारा लिम्फोमा बहुधा या विषाणूविना होतो, त्यामुळे ल्युकेमियाच्या लसीला ‘कॅन्सरची लस’ म्हणणे बरोबर नाही.

दुसरी बाजू आजींनीच काढली. मनीच्या मानेवर वाटाण्याएवढी गाठ होती, पाच आठवड्यांपूर्वी रेबीजचे इंजेक्शन दिले तिथेच. “सुईनंच कॅन्सर होतो म्हणे. मग अजून एक सुई कशाला टोचायची?”

ही भीती हवेतली नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये इंजेक्शनच्या जागी सार्कोमा (कातडीखालच्या ऊतींचा कॅन्सर) होत असल्याचे पहिल्यांदा छापून आले. संशयाची सुई मुख्यतः ॲडज्युव्हंट (लसीचा परिणाम वाढवणारा घटक) घातलेल्या रेबीज आणि ल्युकेमियाच्या निष्क्रिय लसींकडे गेली. त्या जागी दीर्घकाळ दाह राहतो आणि काही मांजरांत त्यातून गाठ उगवते. प्रमाणाचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण बहुतेक दहा हजार डोसांमागे एकाच्या आसपास फिरतात. शिवाय दीर्घकाळ टिकणाऱ्या इतर इंजेक्शनांनंतरही असा सार्कोमा झालेला आहे.

गाठीला मोजमाप लावायचे, अंदाज नाही. पशुवैद्य तीन-दोन-एक असा नियम लावतात: इंजेक्शननंतर तीन महिने उलटूनही गाठ आहे, किंवा ती दोन सेंटिमीटरहून मोठी आहे, किंवा महिना उलटल्यावरही वाढतच आहे. तिन्हीपैकी एक खरे ठरले तरी बायोप्सी करायची, आणि तीही गाठीचा छोटा तुकडा घेऊन. अख्खी गाठ ‘काढून बघू’ म्हणत उपटली तर कॅन्सरची मुळे मागे राहतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेला जागा उरत नाही. सार्कोमा निघाला तर गाठीभोवती तीन ते पाच सेंटिमीटर निरोगी भाग कापावा लागतो. मनीची गाठ व्हर्नियरने मोजली: ०.८ सेंमी. दोन आठवड्यांनी ०.५. नवव्या आठवड्यात हाताला लागेना.

मनीच्या बाबतीत चुकली ती जागा. मानेवर पाच सेंटिमीटरची मोकळीक काढायची तर मणक्यांची टोके आणि खांद्याचे हाड आड येते. म्हणून लस पायाच्या खालच्या भागात देतात: ल्युकेमिया डाव्या मागच्या पायात गुडघ्याखाली, रेबीज उजव्या मागच्या पायात गुडघ्याखाली, तिहेरी उजव्या पुढच्या पायात कोपराखाली. दुर्दैवाने गाठ उठलीच तर पाय कापून मांजर वाचते, आणि तीन पायांवर मांजर मजेत फिरते. कोणत्या पायात कोणती लस दिली ते बॅच क्रमांकासह कार्डावर लिहिलेच पाहिजे. नाहीतर तीन वर्षांनी गाठ आली की कुणालाच काही सांगता येत नाही.

लसीचा बेत

लस संसर्ग झालेल्याला बरे करत नाही. काळू, जिरा आणि ढब्बू यांना ती देण्यात फायदा नाही. द्यायची ती मनी, चिमणी आणि मिराला, देण्याच्या दिवशी पुन्हा निगेटिव्ह असल्यास. पिल्लाला पहिला डोस आठ आठवड्यांपासून पुढे, दुसरा तीन ते चार आठवड्यांनी, मग वर्षाने एक. पुढे पॉझिटिव्ह मांजरांशी संपर्काची शक्यता असेल तर दरवर्षी, कमी धोक्याच्या मोठ्या मांजराला दोन-तीन वर्षांनी. मोठ्या मांजराचीही सुरुवात दोन डोसांनी होते. एका डोसवर थांबले तर बहुधा काहीच हाती लागत नाही.

अडचण मिळण्याची आहे. तिहेरी लस कुठल्याही दवाखान्यात असते, ल्युकेमियाची आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. पुरवठादाराकडे मागणी नोंदवून ठेवली आहे. आणायची वेळ आल्यावर साखळी २ ते ८ अंशांची. बाहेरून सोलापूरपर्यंतच्या प्रवासात जेल पॅक कुपीला थेट टेकू द्यायचे नाहीत, मध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवायची, कारण ॲडज्युव्हंटची लस गोठली तर निकामी होते. दवाखान्यातल्या फ्रिजच्या दारात ठेवायची नाही.

घरच्यांचा भरवसा लसीवरच होता, पण आमच्या मते या घराला वाचवणारी गोष्ट ती नाही. प्रतिजन शोधणारी चाचणी १९७३ मध्ये आली, पहिली लस १९८५ मध्ये. मधल्या काळात अनेक मांजरे पाळणाऱ्यांनी ‘तपासा आणि वेगळे करा’ एवढ्याच उपायाने आपल्या कळपातून विषाणू हद्दपार केला होता. शिवाय लसीने संरक्षण पूर्ण मिळत नाही. लस दिली म्हणून निगेटिव्ह मांजर पॉझिटिव्हसोबत ठेवायचे नाही.

जिन्याखालची खोली

विभागणी कागदावर सोपी असते. हातांचा क्रम ठरवला: आधी गच्ची, मग मधली खोली, मग ढब्बूची खोली, शेवटी जिन्याखाली. परत वर जायचे असेल तर हात साबणाने. चारही गटांच्या ताटल्या वेगळ्या रंगांच्या, स्टीलच्या. पाण्याची चणचण लक्षात घेऊन रोज एक लिटर पाणी पुरते: अर्ध्यात साबणाने घासणे, अर्ध्यात विसळणे. फरशीसाठी एक लिटर पाण्यात चार-पाच टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट ३० मिली. विषाणूला एवढ्याची गरज नसते, पण सोबत येणाऱ्या इतर जंतूंसाठी ते लागते. फिनेल मात्र नको, कारण मांजराच्या यकृताला ते झेपत नाही.

उरली मांजरे बाहेर भटकण्याची सवय. रात्री गल्लीतली मांजरे मागाच्या खोलीत येत. झरोक्यांना जाळी बसवली. पॉझिटिव्ह मांजरांना बाहेर सोडले तर ती गल्लीला विषाणू देतात आणि गल्लीतून इतर रोग घेऊन येतात, म्हणून ती कायम आत. सगळ्यांची नसबंदी केली, त्याने बोक्यांची मारामारी आणि घरातली पिल्ले दोन्ही थांबतात. उंदरांसाठी पिंजरे. विषारी गोळ्यांना साफ नकार, कारण विष खाल्लेला उंदीर शेवटी मांजराच्याच पोटात जातो.

“मला लागेल का हे?” हा प्रश्नही आजींचाच. हा विषाणू माणसाला किंवा कुत्र्याला होत असल्याचा पुरावा नाही.

तांबू आणि काळू

तांबूसाठी घरच्यांनी सीओपी पद्धतीची, म्हणजे तीन औषधांची केमोथेरपी निवडली. मात्रा वजनावर न काढता शरीराच्या पृष्ठभागावर काढतात. ३.२ किलोला ०.२१७ चौरस मीटर. व्हिन्क्रिस्टीन ०.५ मिग्रॅ प्रति चौमी, म्हणजे ०.११ मिग्रॅ, १ मिग्रॅ/मिलीच्या कुपीतून जेमतेम ०.११ मिली. एवढे थोडे औषध इन्सुलिन सिरिंजने मोजून सलाइनमध्ये पातळ करून, पहिल्याच प्रयत्नात नीट बसलेल्या शिरेतल्या कॅथेटरमधूनच द्यायचे. शिरेबाहेर सांडले तर कातडी सडते. सायक्लोफॉस्फॅमाइड ५० मिग्रॅची एक गोळी दर तीन आठवड्यांनी, न तोडता, न कुटता, हातमोजे घालून. त्यानंतर तीन दिवस मातीची ट्रे साफ करतानाही हातमोजे. प्रेडनिसोलोन दिवसाला २ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे ५ मिग्रॅची सव्वा गोळी. मांजराला प्रेडनिसोन नको, प्रेडनिसोलोनच. भूक मंदावली तर मिर्टाझापिन ७.५ मिग्रॅची पाव गोळी एक दिवसाआड. प्रत्येक डोसाआधी रक्त तपासायचे. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) हजारच्या खाली असतील तर आठवडाभर थांबायचे.

सातव्या दिवशी श्वास २८. तीन आठवड्यांनी एक्स-रेत सावली निम्म्याहून कमी. विषाणू सोबत असला की असा काळ आठवड्यांत आणि महिन्यांत मोजायचा असतो, हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवले होते. चौऱ्याहत्तराव्या दिवशी पीसीव्ही १७. अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी पाणी परत भरले. घरच्यांनी दुसऱ्यांदा सुई घालू दिली नाही आणि त्याला शांतपणे झोपवण्यात आले.

काळूच्या हिरड्या चौथ्या महिन्यात फिकट पडल्या. पीसीव्ही १५. ‘ल्युकेमियाच आहे, काय करणार’ म्हणून सोडून देण्याची इथे फार सोपी सोय असते. त्याच्या रक्तात पीसीआरने हिमोप्लाझ्माही सापडला. तांबड्या पेशींना चिकटणारा आणि पिसवांमुळे पसरत असावा असा संशय असलेला हा जिवाणू औषधाने आटोक्यात येतो. डॉक्सिसायक्लिन १० मिग्रॅ प्रतिकिलो, दिवसातून एकदा, २८ दिवस. प्रत्येक गोळीनंतर सिरिंजने पाच-सहा मिली पाणी. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम होऊन नळी आवळते आणि मांजर उपाशी मरते. महिन्याने पीसीव्ही २४. पूर्ण बरा नाही, पण खातो, खिडकीत बसतो. त्याची आणि जिराची दर सहा महिन्यांनी वजन, हिरड्या, लसिकाग्रंथी आणि रक्त अशी तपासणी चालू राहील. कच्चे मांस नाही.

सहाव्या महिन्यात मनी, चिमणी आणि मिरा निगेटिव्हच आहेत, लसीचा एकही डोस न मिळता. त्याच आठवड्यात अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यातून एक कामगार खोक्यात घालून पिल्लू घेऊन आला. आजींनी ते मनीपाशी जाऊ न देता न्हाणीघरात ठेवले, वेगळी ताटली दिली आणि दवाखान्यात निरोप पाठवला. पहिली चाचणी निगेटिव्ह आहे. दुसरी महिन्याने.